थांबवणाऱ्याला पद नव्हतं

चैत्र सरत आला की जळगावचं आकाश निळं राहत नाही. चुलीवर विसरून राहिलेल्या दुधासारखं ते पांढरट, करपट होतं. केळीच्या बागांभोवती लोक गोणपाटाचे आडोसे बांधतात, दारांवर भिजवलेले पडदे सोडतात, आणि भर दुपारी रिकाम्या रस्त्यावर एखादी वावटळ उठून पाचोळा फिरवत फिरवत कुणाच्या तरी दारापर्यंत येते आणि तिथेच बसते. लहानपणी आम्ही वावटळीवर थुंकायचो. तिच्यात कुणीतरी असतं, असं म्हणायचे. आता थुंकत नाही. पण ती दाराशी येऊन बसली की मी खिडकी लावून घेतो.

हे परीक्षेचे दिवस. यंदा इतिहासाची तोंडी परीक्षा घेत होतो. मराठेशाहीतली पदं विचारत होतो. प्रश्न साधा होता, सरनोबत म्हणजे कोण? बोर्डिंगात राहणारा एक मुलगा उभा राहिला. शिंदखेडा तालुक्याकडचा, काटकुळा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"सर, सरनोबत आमच्या गावात राहतो."

वर्ग फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "घोडा शे का त्याच्याकडे?" दुसरा म्हणाला, "नाही रे, रेडा!"

मी हात वर करून वर्ग गप्प केला. विचारायला नको होतं, तरी विचारलं, "काय करतो तो?"

"काही नाही सर. गुरं राखतो. कुणाशी बोलत नाही."

गाव कोणतं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी त्याला 'बस' म्हणालो. तो बसला. 

या शब्दांचं वेड मला लहानपणापासूनचं. सरनोबत, सरखेल, दर्यासारंग, सुभेदार, तांडेल. दुसरी पोरं भोवरे जमवायची, मी हे जमवायचो. आमच्या खानदेशात समुद्र नाही. तापीला पूर आला की काय पाणी दिसेल तेवढंच. पण दर्यासारंग म्हणताना माझ्या तोंडाला खारट चव यायची, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडाला. सरखेल म्हटलं की शिडं फडफडायची. मास्तर झालो तेव्हा हे सगळं मी पोरांना वाटून टाकायचं ठरवलं. वाटलंही.

हे शब्द पुढे थकतात, हे मला उशिरा कळलं. हवालदार नाक्यावर उभा राहून ट्रकवाल्यांशी हुज्जत घालतो. सुभेदार नुसतं आडनाव होऊन बसतं. आमच्या शाळेतल्या घंटा देणाऱ्या शिपायाचं नाव नाईक, आणि तो हेडमास्तरांच्या सायकलला वचकून असतो. वरून थकलेले दिसतात खरे, पण त्यांच्या पोटातलं जात नाही. प्रत्येकाच्या पोटात एकच गोष्ट असते. हा बोलला की बाकीच्यांनी हलायचं.

ती मी कधी नीट पाहिली नव्हती.

आमचं गाव नरडाण्याला उतरून पुढे बैलगाडीच्या वाटेवर. गावाच्या मधून एक नाला जातो. पावसाळ्यात तो तापीकडे धावतो, आणि वैशाखात त्याच्यात वाळू, काळे खडक आणि कुणीतरी पाण्यासाठी उकरलेला एक झिरा एवढंच राहतं. नाल्याच्या या काठाला आमची वरली आळी, त्या काठाला खालची. वर्षभर दोन्ही आळ्या एकाच दुकानातून मीठ-मिरची आणायच्या, एकमेकांच्या लग्नात जेवायच्या. फक्त आखाजीला त्या वैरी व्हायच्या.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. निंबांना झोके बांधतात. घरोघरी पितरांची घागर भरतात, तिच्या तोंडावर खरबूज ठेवतात, रसाचं आणि सांजोऱ्यांचं जेवण होतं. दुपारी पुरुष पत्ते कुटायला बसतात. उन्हं कलली की पोरी टोपल्यांत गौराई घेऊन तिला बोळवायला झिऱ्यावर निघतात. दोन्ही आळ्यांच्या पोरी. आणि मग काठावरून गाण्यांतून शिव्या सुरू होतात.

"वरल्या आळीना पोरे शूर, मांजर उनी का पयतस दूर!"

मांजर आलं की पळणारे म्हटल्यावर वरल्या आळीची पोरं गप्प कशी बसणार? ज्वारीवरची पाखरं हाकायच्या गोफणी सगळ्यांच्या कमरेला असायच्याच. मग गोफणीतून ढेकळं सुटायची. मातीचीच, दगड नाही. दगड घ्यायचा नाही हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण घ्यायचा नाही. पोरी आमच्या काठाच्या पोटाशी, जिथे पुराने माती खाऊन कपार केली होती तिथे, अंग चोरून उभ्या राहायच्या, गौराईचं शेवटचं गाणं म्हणायच्या. डोक्यावरून ढेकळं जायची, फुटायची, धूळ व्हायची. हसणं, ओरडणं, एखाद्याच्या कपाळाला टेंगूळ. आणि गाणं संपलं की नाना रुमाल वर करायचे.

नानांविषयी नीट सांगायला हवं. नाना अंबाडीच्या दोऱ्या वळायचे. दोन्ही आळ्यांच्या गोफणी त्यांच्याच हातच्या. फार शहाणा माणूस होता असं नाही. चहाचा भुकेला, पत्त्यांत लबाडी करणारा, कुरकुऱ्या. आखाजीला बरोबर चांगले पत्ते हातात आलेले असताना कुणीतरी बोलवायला यायचं, आणि नाना पत्ते मांडीखाली दाबून, "हात लावू नका रे कोणी!" असं बजावून, शिव्या देत नाल्यात उतरायचे. मधल्या काळ्या खडकावर चढायचे. खांद्यावरचा रुमाल दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरायचे. बस. दोन्ही काठ थांबायचे. पोरी कपारीतून बाहेर पडायच्या, रिकाम्या टोपल्या हलवत वर चढायच्या. त्यांनी कधी वर बघितलं नाही. गाणं संपलं म्हणजे रुमाल वर गेलाच असणार. उन्हं गेली म्हणजे दिवे लागणार, तसं.

पासष्टचं युद्ध होऊन गेलं होतं. मी सांगतोय ती आखाजी त्याच्या पुढची. दुकानासमोर बॅटरीच्या रेडिओभोवती गाव बसायचं, आणि ज्यांनी धुळ्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं ते म्हातारे ब्रिगेडियर मोठा की कर्नल मोठा यावर भांडायचे. माझा मित्र सुकदेव त्याच हिवाळ्यात धुळ्याला भरतीला जाऊन परत आला होता. छाती फुगवूनही भरली नाही. परत आला तो मान खाली घालून. त्याची धाकटी बहीण वत्सला, तिचं त्या वर्षी पाचोऱ्याकडे लग्न झालं होतं, ती एकदा मला म्हणाली होती, "भाऊ, याले काही तरी सांग ना. घास उतरत नही त्याना."

मी मास्तर. माझ्यापाशी द्यायला काय होतं? शब्द होते.

मी त्याला म्हणालो, यंदाच्या आखाजीला तू आमचा सरनोबत. समजावून सांगितलं, सगळ्या फौजेचा मुख्य. त्याचा चेहरा वर आला. खालच्या आळीतल्या तालमीच्या पोराला मी सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य, केलं. त्यांची बाजू झिऱ्याकडची, म्हणजे पाण्याकडची. खाली जुमलेदार, हवालदार नेमले. पोरांना लाकडी तलवारी नकोच होत्या, एवढी पदंच पुरली. संध्याकाळी नाल्याच्या दोन्ही काठांवर त्यांची कवाईत चालायची. मी काठावर उभा राहून बघायचो. मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्या दिवसांत मी गावातही शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायला लागलो होतो.

आणि नाना राहिले.

त्यांना मी घरी जाऊन सांगितलं. ते ओसरीवर बसून गोफण वळत होते, अंबाडीचा एक पदर दातात धरून.

"नाना, यंदा तुम्ही नका उतरू. पत्त्यांचा डाव पुरा करा."

"का रे मास्तर? मी काय करं?"

"काही केलं नाही. पण फौजेत असं कुणी नसतं."

"कसं कोनी?"

"मध्ये उभं राहून रुमाल दाखवणारं. फौजेत सेनापती असतो. तोच सांगतो पुढे जा, तोच सांगतो थांबा."

नानांनी दातातला पदर सोडला. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत शहाणपण वगैरे नव्हतं, उगाच खोटं सांगत नाही. थोडा राग, थोडी सुटका. वर्षातला तेवढा एक मान जात होता, पण डावही मोडणार नव्हता.

"मंग थांबाडी कोन?" ते म्हणाले.

"सुकदेव."

"त्याले येस का थांबाडता?"

मी हसलो. मला तो प्रश्न अडाण्याचा वाटला. चालवता येणाऱ्याला थांबवता येणारच, असा माझा समज होता. इतिहासाची इतकी पानं मी पाठ केली होती, त्यांत थांबवणाऱ्याला कुठेच पद नव्हतं. पद नाही म्हणजे माणूस नाही, इतका सरळ हिशोब.

त्या दिवशीचं ऊन अजून माझ्या मानेवर आहे. वारा पडला होता. निंबाचं पान हलत नव्हतं, झोके नुसते लोंबत होते. कावळे घागरींवरच्या खरबुजांच्या फोडींना शिवले नाहीत, असं आई म्हणत होती. मी तिला म्हणालो, त्यांनाही ऊन लागतं. दुपारभर कुठल्याशा घरातून एक लहान मूल रडत होतं आणि कुणी त्याला गप्प करत नव्हतं. हे सगळं मी आता जमवतोय की तेव्हाच मला जाणवलं होतं, हे मला खरंच सांगता येणार नाही.

ढेकळं नेहमीपेक्षा लवकर संपली. कवाईतीचा परिणाम. आधी एकेक पोरगा स्वतःच्या मर्जीने फेकायचा, चुकायचा, हसायचा. यंदा सुकदेवचा हात खाली आला की सगळे एकदम फेकत होते. समोरून सरखेलचा हात खाली येत होता. मध्ये हसू नव्हतं. ते मला आवडलं होतं. पोरांचे चेहरे ओळखू येत नव्हते, इतके ते एकसारखे झाले होते.

खाली पोरींचं गाणं संपलं.

सुकदेवने ते ऐकलं. तो माझ्या शेजारीच होता, काठाच्या अगदी कडेला. त्याचा हात वर राहिला, खाली आला नाही. त्याने खडकाकडे पाहिलं. खडक रिकामा होता. मग माझ्याकडे वळला. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता.

"मास्तर, गाणं सरनं. पोरे दगडं उचली ऱ्हायनात. थांबाडू का?"

हे वाक्य आजपर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्याने विचारलं होतं. त्याला थांबायचं होतं. माझ्या एका होकाराचं काम होतं, मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "सेनापती विचारत नसतो."

वाक्य मला फार छान जमल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो. त्याने आणखी दोन श्वास वाट पाहिली, आणि हात खाली आणला.

आमच्या काठावरून दगड गेले. समोरून दगड आले. त्याच वेळी पोरी कपारीतून बाहेर पडल्या, नेहमीसारख्या, वर न बघता. सगळ्यात पुढे वत्सला होती. डोक्यावर रिकामी टोपली, एका हाताने धरलेली. दगड कुणाचा होता ते कधी कळलं नाही. खालच्या आळीचा असणार, तिकडूनच येत होते. ती ओरडली नाही. खाली बसली फक्त, आणि टोपली गडगडत झिऱ्यापर्यंत गेली.

मग सगळे थांबले. कुणी न सांगता.

निंबाखालून नाना धावत आले. त्यांच्या हातात पत्ते तसेच होते. खडकापर्यंत आले, चढले नाहीत. रुमाल खांद्यावरून काढून त्यांनी वत्सलाच्या डोळ्यावर बांधला. पांढरा रुमाल. पुढचं मी बघितलं नाही. मी पत्ते बघत राहिलो, वाळूत उताणे पडलेले.

तिचा डावा डोळा गेला. धुळ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं होतं. पाचोऱ्याहून सासरे एकदा येऊन बघून गेले. "बघू, बरी होऊ द्या," म्हणाले. बरी झाली. बोलावणं आलं नाही. पुढे त्या मुलाचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. म्हणजे आखाजीला गावातल्या सगळ्या पोरी माहेरी येतात, आणि वत्सला येत नाही. ती कुठे गेलेलीच नसते.

चावडीवर बैठक बसली. जाणते लोक, दोन्ही आळ्यांचे. विचारलं, नानाला कुणी बसवलं? मी कोपऱ्यात उभा होतो.  नाना तिथेच होते, त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. मग जमिनीकडे पाहिलं.

सुकदेव म्हणाला, "मी."

"अन् थांबाडं का नही?"

"मी नही थांबाडं."

बस, एवढंच. त्याने माझं नाव घेतलं नाही. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मैत्री असेल. किंवा सेनापती विचारत नसतो, तसं दुसऱ्यावर ढकलतही नसतो, असं त्या भाबड्याने माझ्या वाक्याला पुढचं वाक्य जोडून घेतलं असेल. मी दिलेला शब्द त्याने असा पाळला. गावाने त्याचं पद काढून घेतलं नाही. उलट तेच ठेवलं. "कारे सरनोबत, बहीन कशी शे?" असं लोक विचारायचे. नंतर विचारायचं राहिलं, नुसतं पद राहिलं. आता बोर्डिंगातल्या पोराला तेच त्याचं नाव वाटतं.

मी पुढच्याच वर्षी जळगावची नोकरी धरली. नाना त्यानंतर दोन-चार वर्षं होते. पत्त्यांना पुन्हा शिवले नाहीत, असं आई सांगायची. ढेकळांचा खेळ बंद झाला. आखाजीला मी गावी जायचं टाळत आलो. परीक्षा, पेपर, प्रकृती. कारणं मास्तराला कमी पडत नाहीत. वर्गात मात्र दरवर्षी ती पदं शिकवत राहिलो. पुस्तकात असतात, शिकवावी लागतात. दर्यासारंग म्हणताना आता खारट चव येते ती वेगळी.

यंदा त्या मुलाने उत्तर दिलं, आणि मी गेलो.

नरडाण्याला उतरलो तेव्हा फलाट इतका तापला होता की चपलेतून चटका बसत होता. गावात शिरताना दिसलं, नाल्याच्या दोन्ही काठांवर पोरं ढेकळं रचत होती. नव्या पोरांनी या वर्षी पुन्हा धरलं होतं. मी काही विचारलं नसताना एकाने अभिमानाने सांगितलं, "आम्हना जनरल तो शे, तिकडे, लाल बनियनवाला." एकाहत्तरच्या लढाईनंतर पद बदललं होतं एवढंच. मधला खडक रिकामा होता.

सुकदेव घरामागे बैलाला कडबा टाकत होता. केस पांढरे झालेत. मी बोलायला सुरुवात केली आणि थांबता येईना. चावडीवर जे बोलायचं होतं ते सगळं, इतक्या वर्षांनंतर, एका गोठ्याच्या दाराशी. म्हणालो, आज चावडीवर सांगतो सगळ्यांना.

तो कडबा टाकत राहिला. "कोनले सांगशी आते? चावडीवरला बठ्ठा गयात." खरंच, त्या बैठकीतलं कुणीच उरलं नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं, वत्सला दारात उभी होती. पदर डाव्या बाजूने पुढे ओढलेला. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"मी कपारीमा, तुमना पायखालेच उभी व्हतू ना भाऊ. तुनं बोलनं आयकं व्हतं मी. तव्हय समजनं नही. वाटनं, काही गंमत शे."

सुकदेवचा हात थांबला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"मंग बोलनी का नही तू?" मी विचारलं. किती वर्षांनी ती भाषा माझ्या तोंडात आली.

"तू बोलशी म्हनीसन." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "यंदा बोलशी, पुढला साल बोलशी. दर आखाजीले वाट देखं मी."

नाल्याकडून पोरींची गाणी सुरू झाली. तिघंही ऐकत होतो. वारा पडलेलाच होता. वत्सला आत गेली, बाहेर आली, आणि तिने एक धुतलेला, विरलेला रुमाल माझ्यासमोर धरला. डाग गेले नव्हते.

"जाय," ती म्हणाली. "गाणं सराना पहिले जाय."

मी नाल्यात उतरलो. खडक तापून लाल झाल्यासारखा होता. वर चढलो तेव्हा दोन्ही काठांवरची पोरं माझ्याकडे बघून हसली. हा कोण, असं एकाने विचारलं, आणि कुणालाच सांगता आलं नाही. कपारीत गाणं शेवटच्या ओळीला आलं होतं. मी रुमाल दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरला.

पहिलं ढेकूळ माझ्या छातीवर फुटलं. दुसरं कानाजवळून गेलं. लाल बनियनवाल्या पोराचा हात अजून वर होता, आणि तो इकडे-तिकडे बघत होता, कुणाला तरी विचारायचं असल्यासारखा.

"माझ्याकडे बघ," मी ओरडलो. "मला विचार."

हात मी खाली घेतले नाहीत.